गिरजाबाईंच्या नावावर चढलेलं तुझं गाणं

दत्ता, तू फोन आपटलास आणि त्यानंतर आपलं बोलणंच झालं नाही. मी म्हटलं, येईल आठ-दहा दिवसांत ताळ्यावर. लातूरच्या कॉलेजात बरोबर होतो तेव्हापासून हे असंच चालत आलंय. तू चिडायचास, मी फुगून बसायची, आणि मग तू काहीतरी निमित्त काढून नांदेडला यायचास. येताना हातात केळी. 'अर्धापूरची आहेत,' असं दारातच सांगायचास. लातूरहून येताना अर्धापूर वाटेत लागत नाही हे मी तुला कितीदा तरी सांगितलं असेल. नांदेडच्या स्टँडसमोरच्या गाड्यावरची केळी घ्यायची आणि अर्धापूरची म्हणून द्यायची, ही तुझी माफी मागायची रीत. कुठल्याही गोष्टीला भलतंच गाव चिकटवायची खोड तुला तेव्हापासूनच होती.

या वेळी केळी आली नाहीत. तुझ्या बायकोचा, सुनंदाचा फोन आला. साध्या तापाचं निमित्त झालं आणि तू गेलास, एवढंच तिला बोलता आलं. मी लातूरला पोचले तेव्हा तुझ्या क्लासची पोरं गल्लीच्या तोंडापर्यंत उभी होती. एरवी रसायनशास्त्राच्या तासाला मागच्या दाराने पळणारी पोरं, त्या दिवशी एकही हलत नव्हतं.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड लिहायचं असतं. ते बाकीचे लिहितायत, भरपूर लिहितायत. एका पेपरात तर तुला 'मृदुभाषी' म्हटलंय. मी वाचून मोठ्याने हसले आणि मग किती तरी वेळ रडत बसले. मला गोड लिहायचं नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते पुरं करायचंय.

भांडण तुझ्या नव्या अल्बमवरून होतं. 'पत्र्याचं आभाळ.' सगळी गाणी तू लिहिलेली, तू चाल लावलेली, तू गायलेली. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये काढलेले दिवस, मग एकसारख्या घरांच्या ओळींचं नवं गाव, मग लातूरमध्ये क्लासेसची आलेली लाट आणि त्या लाटेत तूही शिरलेला. 'खोलीतली आई' हे गाणं मी आजही ऐकते. मुलाच्या बारावीसाठी गावातलं घर, शेत, नवरा सोडून लातूरला एका भाड्याच्या खोलीत स्वयंपाक करत बसलेली बाई. तिला शहरात ओळखीचं कुणी नाही, म्हणून ती कुकरच्या शिट्टीशी बोलते. असं गाणं मराठीत दुसऱ्या कुणी केलेलं मला तरी माहीत नाही.

पण अल्बम निघाला आणि सगळ्यांनी उचलून धरलं ते शेवटचं गाणं. ज्याच्यापुढे कॅसेटच्या कागदावर तू छापलं होतंस, 'पारंपरिक. रचना गिरजाबाई.'

दत्ता, ते गाणं माझ्या स्वयंपाकघरात पुरं झालं. ओट्याशी पाटावर बसून, पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत तू ते मला ऐकवलंस.

सारविली भुई, लिंपिली गं भिंत
आता नाही खंत, कशाचीच

चुलीपाशी माझ्या, उपाशी जो बसे
त्यात देव दिसे, मला बाई

गिर्जा म्हणे घर, भिंतींचे ते नव्हे
माणूसच हवे, आत कुणी

मी कांदा चिरत होते. म्हटलं, नव्हे आणि हवे, यमक ओढूनताणून जुळवलंयस. तू म्हणालास, मॅडम, जुन्या बायकांना तुमचं व्याकरण कोण शिकवणार होतं? मी म्हटलं, कुठल्या जुन्या बायका, तू लिहिलंयस ना हे? तेव्हा तू हसलास आणि मला सगळं सांगितलंस.

गिरजाआत्या तुला सांभाळणारी. आई लहानपणी गेली, आत्या लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं. तिला गाण्याचं वेड आणि गळा असा बेसूर की भजनात बायका तिला टाळसुद्धा हातात धरू देत नसत. ती दाराशी बसायची. प्रत्येक भजनाच्या शेवटी कुठल्या ना कुठल्या संताचं नाव यायचं आणि मग आत्या दारातून विचारायची, 'समदे म्हनत्यात, मग गिरजी काय म्हनती?' बायका हसायच्या. गणपती विसर्जनाच्या दिवशी ती तुझी वाट बघत होती. तू शिकवणीच्या पोरांचे पेपर तपासायचे म्हणून लातूरला राहिलास, आणि दुसऱ्या पहाटेच्या भूकंपात ती गेली. सणाला तू आल्याशिवाय ती घरात कुणाला जेवायला वाढत नसे. त्या दिवशीही वाढलं नसणार, असं तू म्हणालास. मी कांदा बाजूला ठेवला.

'तिला कुणी म्हणू दिलं नाही. आता म्हणू दे की,' असं तू म्हणालास. ते मला पटलं. न पटलेलं पुढचं होतं. नव्या गावातल्या कार्यक्रमात तू ते गाणं गायलास, म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले, कुणीतरी विचारलं कुणाचं आहे, आणि तू सांगून टाकलंस, आत्याचं. तेवढ्यावर थांबायचं. पण गावातल्या तरुण पोरांनी ते डोक्यावर घेतलं. आपल्या गावात गिरजाबाई नावाची संत होऊन गेली, तिचं गाणं शिल्लक आहे, असं म्हणू लागले. तू त्यांना अडवलं नाहीस. वर कॅसेटवर 'पारंपरिक' छापलंस.

मी म्हटलं, हे खोटं आहे. उद्या कुणी पोरगी यावर पीएच.डी. करेल. तू म्हणालास, करू दे. त्या गावाचं देऊळ गेलं, पार गेला, वेस गेली, सगळं जुनं जमिनीत गेलं. जे आहे ते सरकारने आखून दिलेलं. एक गाणं जुनं मिळालं तर तुझं काय जातं? मी म्हटलं, माझं जातं. मी मराठी शिकवते. आणि तुझंही जातं, तुला आत्ता कळत नाहीये.

शेवटी तू माझ्याकडून शब्द घेतलास, की तू आहेस तोवर हे कुणाला सांगायचं नाही. मी चिडवलं, आणि तू गेल्यावर? 'तेव्हा बघू,' म्हणालास. आता तेव्हा आलंय आणि बघायला मी एकटीच आहे.

मग प्रतिक्रिया यायला लागल्या. पुण्याच्या पेपरातलं परीक्षण तू मला फोनवर वाचून दाखवलंस. त्या गृहस्थांनी तुझी स्वतःची गाणी 'प्रामाणिक पण वर्तमानपत्री' ठरवली होती. आणि शेवटच्या गाण्याबद्दल लिहिलं होतं की ही अनाम स्त्रीची रचना अल्बमला तारून नेते, गायकाने स्वतः लिहिण्याचा हट्ट सोडून असे ठेवे शोधण्यात शक्ती घालवावी. तू वाचताना हसत होतास. पण 'हट्ट' हा शब्द तू परत वाचलास, आणि तेव्हा तुझा आवाज जरा फाटला. मला ऐकू आलं ते.

तुझे विद्यार्थी म्हणाले, सर, बाकीची गाणी जरा स्लो आहेत, ते आजीचं मस्त आहे. तुझ्या क्लासच्या संचालकांना ते इतकं आवडलं की त्यांनी सकाळच्या बॅचची प्रार्थना म्हणून लावलं. पारंपरिक आहे म्हटल्यावर कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. मग तू रोज सकाळी, पत्र्याचं छत असलेल्या त्या मोठ्या हॉलमध्ये, हात जोडून, शेकडो पोरांबरोबर स्वतःचंच गाणं म्हणायला लागलास. एकदा एका पोराला तू 'माणूसच हवे' मधला 'हवे' नीट म्हणायला शिकवलंस, तर ते म्हणालं, सर, मूळ चाल अशी नाहीये. हे सांगताना तुला हसू आवरेना. मी मात्र हसले नाही. किल्लारीच्या रस्त्यावर जीपवाले ते गाणं लावतात, त्याचंही तुला कौतुक. गावोगावच्या भजनी मंडळांनी ते उचललं, त्याचंही. आणि दर वेळी फोन ठेवायच्या आधी तू विचारायचास, 'खोलीतली आई'बद्दल कुणी काही म्हणालं का गं?

कुणी काही म्हणत नव्हतं. मीच म्हणाले. नांदेडच्या ज्या दैनिकात मी लिहिते तिथे मी पान भरून परीक्षण लिहिलं. 'खोलीतली आई'बद्दल मनापासून लिहिलं. दोन गाण्यांना झोडपलं, ती झोडपण्यासारखीच होती. आणि शेवटच्या गाण्यावर एक अक्षर लिहिलं नाही. जुनं आहे असं लिहिणं खोटं झालं असतं, तुझं आहे असं लिहिलं तर शब्द मोडला असता. मला वाटलं, मी फार सभ्यपणे वाट काढलीय.

तर तू कडाडलास. मला वाटलं होतं, झोडपलेल्या गाण्यांवरून असेल. पण नाही. 'माझ्या सगळ्यात चांगल्या गाण्यावर तू गप्प? सगळं जग बोलायलंय, अन् तुला एक ओळ सुचली नाही?' मी म्हटलं, तुझं गाणं कुठलं? त्यावर गिरजाबाईंचं नाव आहे. तू म्हणालास, निदान जुनं म्हणून तरी चांगलं म्हणायचं होतंस. मी म्हटलं, दत्ता, तुला नाव नको पण शाबासकी पाहिजे, हे जमायचं नाही. एक तर गाणं परत घे, नाही तर गप्प बस. आणि तू फोन आपटलास.

मी अजूनही म्हणते, माझं बरोबर होतं. फक्त मला एवढं म्हणायचं राहिलं की गाणं सुंदर आहे. अल्बममधलं सगळ्यात सुंदर. 'खोलीतली आई'पेक्षाही. यमक जरा ओढलंय, पण सुंदर आहे. हे तुला त्या दिवशी स्वयंपाकघरातच सांगायला हवं होतं, पण तू आधीच इतका फुगला होतास की मी म्हटलं, कशाला आणखी हवा भरायची.

तू गेल्यावर सुनंदाने मला आतल्या खोलीत बोलावलं. तिला सगळं ठाऊक होतं हे मला तेव्हा कळलं. शोकसभेत तुझ्या संचालकांनी ते गाणं वाजवलं होतं आणि सांगितलं होतं की दत्ता सरांनी आपल्याला गिरजाबाईंची ओळख करून दिली, हे त्यांचं मोठं काम. सुनंदा ते ऐकत बसली होती. एरवी ती मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशीही आवाज चढला नाही, पण माझं मनगट तिने असं धरलं की वळ उठला.

'ताई, हे लोक यांना गाणं सापडलेला मास्तर म्हणून लक्षात ठेवणार. तुम्ही तोंड उघडा. न्हाईतर मी सभेत उभी राहून सांगते. मग मला येडी म्हणतील, म्हणू द्या.'

आणि त्याच आठवड्यात तुझ्या गावाहून निरोप आला. तेराव्याचं जेवण गावात करायचं, गावकऱ्यांनी ठरवलंय. दत्ता आमचा, शेवटचं जेवण आमच्या दारात. शिवाय गावात नवा पार बांधलाय, त्याला संत गिरजाबाईंचं नाव द्यायचं आहे, त्याची घोषणा त्याच दिवशी होईल. आणि नांदेडच्या प्राध्यापक मॅडमनी संत गिरजाबाईंच्या काव्यावर दोन शब्द बोलावेत. बघितलंस, कशी कोंडी केलीस माझी? एका बाजूला तुझी बायको, एका बाजूला तुझं गाव, आणि दोन्हीकडे माझाच गळा.

मी ठरवून निघाले. शब्द तू होतास तोवरचा होता. खरं सांगायचं. पार बांधणाऱ्यांची मनं मोडली तर मोडली. सुनंदा आणि मी लातूरहून जीपने निघालो. ड्रायव्हरला आम्ही कोण हे माहीत नव्हतं, त्याने सवयीने तीच कॅसेट लावली. 'सारविली भुई.' माझ्या शेजारी बसलेली एक बाई ओठातल्या ओठात म्हणायला लागली. सुनंदाने पदर तोंडावर घेतला तो गाव येईपर्यंत काढला नाही. मी ड्रायव्हरला बंद करायला सांगणार होते. नाही सांगितलं. तुझा आवाज होता रे तो.

गावात चुलीवर हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, मोठी पातेली चढली होती. मी हात द्यायला गेले तर तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने मला शेजारी बसवून घेतलं. ही कोंडाबाई, जुन्या गावात तुमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. तू तिच्याबद्दल सांगायचास, आत्याशी रोज भांडायची म्हणून. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं की गिरजीवर भाषण करणारी मास्तरीण ती तूच का. मी हो म्हटलं. तिने नाक मुरडलं.

'काय बोलनार हायस? गिरजीला कुठं गाता येत हुतं? तिनं तोंड उघडलं की कुत्री भुकायची. भजनात आमी तिला बसू देत न्हवतो.'

मी विचारलं, म्हणजे तुम्हाला माहीत आहे? तिने सांगितलं की गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. गिरजीला चार ओळी नीट म्हणता येत नव्हत्या, ती कुठून गाणं करणार? ते दत्ताचंच, हे ऐकल्याबरोबर कळलं. मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? तेव्हा ती हुग्गी ढवळता ढवळता जे म्हणाली ते तुला जसंच्या तसं सांगते.

'त्यो येऊन सांगू लागला, आत्याचं गानं हाय म्हनून. डोळ्यात पानी. त्याला गिरजीबिगर कोन हुतं? आमी म्हनलं, आसंल बाबा. पोराचं मन हाय. आपुन न्हाई म्हनून काय मिळवायचं?'

दत्ता, ऐकलंस का? तुला वाटत होतं तू गावाला जुनं गाणं देतोयस. आणि गावाला वाटत होतं की आपण तुला तुझी आत्या परत देतोय. दोघांनी एकमेकांना सांभाळलं आणि दोघांनी एकमेकांना फसवलं. तुला हे शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून मी चिडले. तुझ्यावर, कोंडाबाईवर, सगळ्यांवर. तिला म्हटलं, त्याला एकदा तरी सांगायचं, की गाणं तुझं आहे आणि चांगलं आहे. ती म्हणाली, आता काय सांगावं, न्हाई सांगितलं. आणि डोळे पुसले. वर मला सांगितलं, धूर लई झाला.

सभेत मी उभी राहिले. सुनंदा समोर बायकांत बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती, मांडीवर हात घट्ट आवळून बसली होती. मी म्हटलं की गिरजाबाई माझ्या मित्राची आत्या. त्यांना गाण्याचं वेड होतं आणि गाता येत नव्हतं, हे इथल्या मोठ्या माणसांना माहीत आहे. मागे म्हातारी माणसं हसली. मग मी सांगितलं की हे गाणं जुनं नाही. दत्ताने लिहिलं, माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात. त्याने ते आत्याच्या नावावर केलं कारण तिला कुणी म्हणू दिलं नव्हतं. हे त्याला कुठे सापडलेलं दुसऱ्याचं गाणं नाही. ते त्याचं आहे, आणि त्याने आजवर केलेलं सगळ्यात चांगलं गाणं आहे. हे मी त्याला सांगितलं नाही म्हणून इथे सांगते.

म्हातारी माणसं माना डोलावत होती, पण तरुण पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बालाजी उठला. पाराचं सगळं त्यानेच केलेलं, दगड आणण्यापासून. भूकंपात तो लहान होता, जुनं गाव त्याला आठवत नाही. तुझ्याच क्लासचा विद्यार्थी. तो रागाने म्हणाला, 'म्हंजी मॅडम, आमच्या गावात जुनं काहीच न्हाई का?'

तुझं सगळं म्हणणं याच एका प्रश्नासाठी होतं, हे मला तेव्हा समजलं. मी ज्याला खोटं म्हणत होते त्याच्या दुसऱ्या टोकाला हा पोरगा उभा होता. मग चुलीकडून कोंडाबाईचा आवाज आला. दत्ता काय परक्याचा होता का, असं तिने त्याला विचारलं, आणि गप पत्रावळ्या मांडायला घे म्हणून सांगितलं. लोक उठले. बालाजी पत्रावळ्या मांडायला गेला, पण माझ्यापाशी आला तेव्हा त्याने वर पाहिलं नाही. पाराच्या पाटीवर काय लिहायचं हे अजून ठरलेलं नाही. त्याने परत माझ्याशी बोलावं असं मला वाटतं, पण मी त्याला दोष देत नाही. त्याचं काहीतरी मी काढून घेतलंय, हे खरं आहे.

सुनंदाने मात्र माझा हात हातात घेतला. वळ अजून गेला नव्हता. त्याच्यावरून तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, लई घट्ट धरलं हुतं का? मी म्हटलं, नाही.

पानं वाढून झाली. कुणी जेवायला सुरुवात करेना. मला वाटलं कुणा पाहुण्याची वाट आहे. तर बायकांनी टाळ घेतले आणि तुझं गाणं सुरू झालं. तुझ्या चालीत नाही, भजनाच्या संथ चालीत. कोंडाबाई पुढे. मी पोह्यांचा डबा आठवत बसले होते. 'माणूसच हवे, आत कुणी' झालं आणि गाणं संपायला हवं होतं. ते संपलं नाही. बायकांनी आणखी एक कडवं उचललं.

गिर्जा म्हणे दत्ता, आला बाई घरा
आता जेवण करा, सगळ्यांनी

आणि सगळ्यांनी पहिला घास उचलला.

मी कोंडाबाईला नंतर विचारलं, हे शेवटचं कुणी केलं? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फारच मठ्ठ आहे. म्हणाली, 'गिरजी म्हनती न्हवं त्यात.'

दत्ता, तुझ्या त्या गाण्यात तुझं नाव नव्हतं. आता आलंय. नव्या कडव्याच्या तिसऱ्या चरणात एक अक्षर जास्त झालंय, मी मोजलं. तू असतास तर जुन्या बायकांचं व्याकरण काढून माझ्याशी भांडला असतास. मी कुणाला काही म्हटलं नाही. पानावर बसले आणि जेवले.